यांचा निबंध आणि सोनाळ्याचा सांड

माझं लग्न ठरलं तेव्हा पिंपळगाव राजातल्या आमच्या शेजारणींना आईने 'जावई डॉक्टर आहे' एवढंच सांगितलं. कशाचा, ते कोणी विचारलं नाही आणि आईनेही आपणहून सांगितलं नाही. पण ऐन मांडवात एका पाहुण्याने आपल्या बैलाच्या खुराची तक्रार काढली, आणि नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून खुरात काय भरायचं ते त्याला समजावू लागले. तेव्हा सगळ्या गावाला कळलं की जावई ढोरांचा डॉक्टर आहे. आई ओशाळली. मावशी मात्र म्हणाली, "असू दे गं, ढोरं निदान खोटं तरी बोलत नाहीत." मावशीचं हे वाक्य मला पुढे पुष्कळदा आठवलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि यांचे साहेब नागपुरात बसत. यांची नेमणूक जळगाव जामोदला. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, ढोर पाडायला मोकळं अंगण आणि एक कंपाउंडर. मागच्या बाजूला आमचं बिऱ्हाड. काम मुख्यतः गोऱ्हे खच्ची करण्याचं. लोक पूर्वी गोऱ्हा आडवा पाडून दगडाने बडवत. यांच्याकडे विलायती चिमटा होता, त्याने रक्ताचा थेंब न सांडता काम होई. त्यामुळे तालुक्यात यांचं नावच 'चिमट्याचे डाक्तर' पडलं. मला बाजारात 'चिमट्यावाली बाई' म्हणत. मी ऐकलं न ऐकलंसं करी.

त्या कामातच यांना एक वेड लागलं. आमच्या भागात बैलांना शिंगाचा रोग होतो. शिंग मुळाशी मऊ पडतं, एका बाजूला लवतं, बैल सारखा डोकं झटकतो, खुंट्याला घासतो, आणि मग शिंग गळून पडतं. आत फुलकोबीसारखी गाठ असते, आणि तिचा असा वास येतो की एकदा नाकात बसला की जन्मभर बसला. तो कॅन्सर आहे हे डॉक्टर लोकांना ठाऊक होतं. यांच्या लक्षात आलं ते वेगळंच. दवाखान्यात रोगी शिंग घेऊन येतो तो बैलच. गाय क्वचित. आणि सांड, म्हणजे खच्ची न केलेला वळू, तर कधीच नाही.

"बैल खच्ची केला की त्याच्या रक्तातला एक रस बंद होतो," हे जेवताना मला सांगत. "विलायतेत त्याला हार्मोन म्हणतात. तो रस बंद पडणं आणि ही गाठ उठणं, यांचं काही नातं असलं पाहिजे. बायकांच्या छातीच्या गाठीतही असल्याच रसाचा हात असावा, असं तिकडचे लोक म्हणतात."

"म्हणजे बैलाचं आणि बायकांचं सारखंच?" मी विचारलं.

"रसाच्या बाबतीत, थोडंफार."

"बाकीच्या बाबतीतही फार वेगळं नाही," मी म्हटलं आणि पुढची भाकरी वाढली. हे हसले. पण त्या हसण्यात थोडी खिन्नता होती, कारण चिमटा यांच्याच हातात होता. ज्या कामाचा पगार मिळत होता, त्यानेच बैलांना रोग होत असेल, ही गोष्ट यांना आतून खात होती. म्हणूनच त्यांना खरं काय ते शोधायचं होतं.

मग आमच्या घराचं काय झालं ते काय सांगू! शिंगांचे कापलेले तुकडे औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायला बाटल्या पुरेनात. एक दिवस माझ्या लोणच्याच्या दोन बरण्या नाहीशा झाल्या. सापडल्या तेव्हा त्यांत कैऱ्या नव्हत्या. त्या दिवशी मी यांना जे बोलले, ते कंपाउंडरने दवाखान्यात बसून ऐकलं आणि दुपारपर्यंत गावभर केलं. बरण्या मात्र परत मागाव्यात अशा राहिल्या नव्हत्या.

सुटीच्या दिवशी हे सायकल घेऊन निघत. गावोगाव चावडीवर बसायचं, पाटलाला विचारायचं, कुणाच्या बैलाला रोग झाला, कधी झाला, खच्ची केव्हा केला होता. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "तुमच्या गावच्या सांडाला कधी झाला का हो?" जमलेले सगळे एका सुरात म्हणत, "नाही जी! सांडाले कायले होते?" हे समाधानाने लिहून घेत. हळूहळू हेच लोकांना सांगू लागले, "सांडाला हा रोग होत नाही. बैलालाच होतो." बैलबाजारात माणसं एकमेकांना हे वाक्य ऐकवू लागली. चिमट्याच्या डाक्तरचं वाक्य म्हणून त्याला वजन होतं.

दोन-तीन हिवाळ्यांच्या कष्टांनंतर निबंध झाला. नागपूरच्या साहेबांनी तो वाचला, इंग्रजी नीट केलं आणि स्वतःच्या शिफारशीने मोठ्या मासिकाकडे धाडला. तो छापून आला त्या दिवशी यांनी मासिक देवापुढे ठेवलं, मग माझ्या हातात दिलं. माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे मला इंग्रजी अक्षरं लागत. यांचं नाव मी बोटाने वाचलं. आनंदाने मला रडूच आलं. साहेबांनी कळवलं होतं की उत्तरेकडे डोंगरात सरकारची संशोधनाची मोठी जागा आहे, तिथे एक पद रिकामं होतंय, आणि या निबंधाच्या जोरावर ते यांनाच मिळेल. तिथे चिमटा नव्हता. मोठं सूक्ष्मदर्शक होतं, ग्रंथालय होतं, थंड हवा होती. हे दहा वेळा म्हणाले असतील, "तिथे मला हे सगळं नीट तपासता येईल." मी मनातल्या मनात सामान बांधायला लागले. खोटं कशाला बोलू, मला त्या वासातून सुटायचं होतं.

सोनाळ्याची पाटलीणबाई माझ्या ओळखीची होती. मोठी शेती, नवरा वारून बरीच वर्षं झालेली, कारभार दीर पाही. बाजाराच्या दिवशी ती जळगावला आली की आमच्या ओसरीवर टेकायची, पाणी प्यायची, माझ्या हातचा चहा 'साखरपानी' म्हणून नावाजायची. मला धाकट्या बहिणीसारखं वागवी. त्या हिवाळ्यात तिने हुरड्याला बोलावलं. हे दौऱ्यावर होते, म्हणून मी एकटीच तिच्या दमणीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या छकड्यातून, गेले.

शेतात बायकांबरोबर हुरडा झाला. परत वाड्याशी आल्यावर मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले. तिथे कापूस भरायच्या कोठाराच्या आडोशाला मला तो वास आला. आमच्या बरण्यांतला वास. मला शंकाच उरली नाही. मी कोपऱ्याशी जाऊन पाहिलं. एक प्रचंड पांढरा वळू दावणीला होता. मान एका अंगाला कललेली, शिंगाच्या मुळाशी हळदीचा लेप आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी. मांडीवर त्रिशुळाचा डाग होता. म्हणजे देवाला सोडलेला.

आमच्याकडे ही चाल आहे. घरचा कर्ता माणूस गेला की त्याच्या दिवसांत एक गोऱ्हा डाग देऊन सोडतात. तो मग कुणाचा नसतो. कुणाच्याही शेतात चरतो, त्याला कोणी हाकत नाही, काठी लावत नाही. गाव त्याला गेलेल्याच्या नावानेच ओळखतं. तो धष्टपुष्ट फिरला की लोक समाधानाने म्हणतात, गेलेल्याला गती मिळाली.

पाटलीणबाई माझ्या मागे येऊन उभी होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"तुमी काही पाह्यलं नाही, बाई," ती म्हणाली.

"अहो, पण याला रोग झालाय. यांना दाखवू या की. शिंग काढलं तर..."

"ढोर नोहे ते. आमचे मालक हायेत. त्यायच्या नावानं सोडला. आता त्यालेच असं झालं. लोकं काय म्हनतीन? पाटलाले गती भेटली नाही, म्हनतीन. काही तरी पाप करून गेला, म्हनतीन."

"रोग आहे हो तो. पाप कसलं त्यात?"

"मंग सांडाले होत नसते असं तुमचे डाक्तरसायबच काऊन म्हनतेत? साऱ्या बाजारात सांगत फिरले ना? कोन्याच सांडाले होत नाही अन् माह्याच मालकाच्याले झाला. म्हंजे माह्याच घरात खोट हाये ना, बाई?"

मी तिला विचारलं, पूर्वी कुठे असं कधी झालं नाही का? ती हळूच म्हणाली की झालं असेल, पण कोणी बोलत नाही. असा सांड दिसला की घरचे पुरुष रातोरात त्याला सातपुड्याच्या दरीत हाकलून देतात आणि मग 'डोंगरात गेला' म्हणतात. तिच्या दिराचंही तेच चाललं होतं. तीच 'आज नको, उद्या' करत त्याला थोपवून धरत होती. "आजारी मानसाले कोनी घराभाईर काढते का?" असं म्हणून तिने वळूच्या गळ्याखाली हात फिरवला. तो डोळे मिटून उभा राहिला.

परतताना दमणीत माझं डोकं भणभणत होतं. यांना सांगावं तर निबंध गेला, पद गेलं, थंड हवा गेली. न सांगावं तर ती बाई आपल्या मेलेल्या नवऱ्याला पापी समजून आयुष्य काढणार, आणि तेही आमच्याच घरातून निघालेल्या एका वाक्यामुळे. तिने सांगू नका म्हटलं होतं हेही होतंच. पण 'यांना एकट्यांनाच सांगते, पुरुषांत बोलणार नाहीत' अशी शपथ घेऊन मी तिच्याकडून होकार काढूनच निघाले होते. हे दौऱ्यावरून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले, आणि मी ताट वाढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पोटात ठेवणं मला कधी जमलंच नाही.

हे पाटाच्या कडेवर बोटाने रेघा ओढत बसले. मला वाटलं, एक सांड निघाला म्हणून हिशेब करत असतील. तसं नव्हतं.

"आमच्या बाबांच्या नावानेही सोडला होता," हे म्हणाले. "मी कॉलेजात होतो. एकदा सुटीत आलो तर तो दिसेना. आईला विचारलं. म्हणाली, डोंगरात गेला. मी पुढे काही विचारलं नाही."

"तुम्हाला तेव्हा काय ठाऊक?"

"तेव्हा नव्हतं. पण निबंध लिहिताना तर हा रोग ठाऊक होता ना? गावोगावच्या सांडांबद्दल विचारलं, आमच्या घरच्या सांडाबद्दल आईला एकदाही विचारलं नाही. मनातच आलं नाही गं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आणि दुसऱ्यांना विचारलं ते तरी कुठे? चावडीवर! चार माणसांत एखाद्याला 'तुझ्या बापाला रोग झाला होता का' असं विचारावं, आणि त्याने हो म्हणावं!"

मला यांची इतकी कीव आली की मी ताट वाढून पुढे सरकवलं आणि जवळच बसले. बाहेरचा माणूस असता तर त्याने सांड म्हणजे सांडच धरला असता, रानात शिरून मोजला असता. हे इथलेच, म्हणून जिथे सगळे नजर वळवतात तिथे यांचीही नजर वळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सोनाळ्याला गेलो. हे चावडीवर गेले नाहीत. मागच्या दाराने गेले, पाटलीणबाईशी माझ्यामार्फत बोलले. वळू तपासला. रोग तोच होता. मग हे थेट तिलाच म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. सांडालाही होतो. तुमच्या घरात खोट नाही. मी नीट पाहिलं नव्हतं."

ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. इतकी वर्षं मी तिला ओळखत होते, मोठ्या जरबेची बाई. असं रडताना कधी पाहिली नव्हती. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि विचारलं, "कापलं तं लागन त्यायले?"

"सुई देऊन जागा बधिर करतो. फार नाही लागणार."

"मंग करा."

दीर आडवा आला. देवाच्या सांडाला शस्त्र लावायचं म्हणजे काय! बाईने त्याला एकच विचारलं, "तुमच्या भावाले अशी गाठ आली असती, तं डाक्तर बोलावला असता का डोंगरात नेऊन सोडलं असतं?" तो बाजूला झाला, आणि दोर धरायलाही तोच आला. शिंग काढलं. वळू त्यातून उठला, आणि आता भर अंगणात, सगळ्यांच्या देखत उभा राहू लागला. उन्हाळाभर जगला. गाठ परत आली तेव्हा तिच्याच दारात मेला, आणि तिने त्याला स्वतःच्या मळ्यात मूठमाती दिली. तोवर गोष्ट पसरली होती. आजूबाजूच्या गावांतून बायका माझ्याकडे येऊन कुजबुजू लागल्या, आमच्याबी सासऱ्याच्या सांडाले झालता, बाई. एकही पुरुष सांगायला आला नाही.

तोवर यांनी साहेबांना सगळं कळवलं होतं. साहेब माणूस चांगला होता, यांच्या भल्याचंच सांगत होता. त्याने लिहिलं की एका सांडाने सिद्धांत मोडत नाही, बैलांत रोग जास्त हे तर खरंच आहे, तेव्हा नेमणूक होईपर्यंत गप्प राहावं, पुढे नव्या जागी बसून काय ती दुरुस्ती करावी. मला तो सल्ला अमृतासारखा वाटला. मी यांना पुष्कळ समजावलं. सांगणारीही मीच आणि आता 'लिहू नका' म्हणून भांडणारीही मीच.

"सिद्धांत कदाचित खरा असेलही," हे म्हणाले. "पण मी 'एकही नाही' असं छापलंय. ते खोटं आहे हे मला ठाऊक आहे. ते वाचून कुठे दुसरा कोणी काम करत असेल."

"मग करू दे की त्याला! त्याला थंड हवेत पाठवतील, आपण इथे राहू वास घेत!"

यांनी दौत पुढे ओढली. दुरुस्ती लिहिली आणि टपालात टाकली. पद दुसऱ्या कोणाला मिळालं. मी कितीतरी दिवस यांच्याशी कामापुरतंच बोलले. राग यांचा होता की नशिबाचा, मला आजही नीट सांगता यायचं नाही. यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. सकाळी उठून चिमटा घेऊन निमूट कामाला जायचे.

दुरुस्ती छापून आली ती मासिकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, चार ओळी. निबंध ज्या अंकात होता तो आणि हा, असे दोन्ही अंक यांनी पुठ्ठा घालून एकत्र बांधून घेतले. यांच्या नावावर छापलेलं एवढंच होतं, आणि त्यानंतर यांनी काही लिहिलं नाही.

बाजाराच्या दिवशी पाटलीणबाई आली. कुठून तरी तिच्या कानावर गेलं होतं. ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "डाक्तरसायबानं छापलं म्हनते आमच्या सांडाचं. वाचून दाखवा ना, बाई."

मी पुस्तक आणलं आणि जमेल तसं मराठी करून वाचलं. सांडांना हा रोग होत नाही असं मी लिहिलं होतं, ते मी मागे घेतो. एका गावात, मृताच्या नावाने सोडलेल्या सांडाला तो झालेला मी स्वतः पाहिला. असे आणखी असतील. लोकांनी सांगितलं नाही यात लोकांचा दोष नाही, विचारण्याची माझी रीत चुकली.

ती मन लावून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "नाव नाही लेहेलं?"

मला वाटलं ती घाबरली आहे. मी घाईने म्हटलं, "नाही हो. तुमचं नाही, गावाचंही नाही. यांनी मुद्दाम गाळलंय. कोणाला कळायचं नाही."

"माहं नाही म्हनत मी. मालकाचं." तिचा चेहरा पडला होता. "लेहाचं होतं ना. त्यायच्यापायी सायबाले आपलं लेहेलेलं मागं घ्या लागलं, येनारी नोकरी गेली. एवढं झालं ज्याच्यानं, त्याचं नाव नोको?"

हे आत कपडे बदलत होते. बाहेर आले. माझ्या हातातून पुस्तक घेतलं, दौत मागितली, आणि त्या चार इंग्रजी ओळींच्या शेजारच्या कोऱ्या जागेत तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मोठ्या बाळबोध अक्षरांत लिहिलं. खाली 'मौजे सोनाळा' लिहिलं. फुंकर घालून शाई वाळवली. मग यांनी ते पुस्तक दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरलं.

"अहो," मी म्हटलं, "आपल्याकडे एवढंच एक आहे."

"माहीत आहे," हे म्हणाले.

तिने पदराखाली हात पुसून ते घेतलं, कपाळाला लावलं आणि लुगड्यात गुंडाळलं. तिला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. त्या क्षणी माझा राग गेला. हे वारल्यावर लोक मला विचारतात, डॉक्टरांनी काही लिहून ठेवलं होतं म्हणतात, ते बघायला मिळेल का? मी सांगते, माझ्याकडे नाही. सोनाळ्याला पाटलाच्या देव्हाऱ्यात आहे, दर पोळ्याला त्याला हळदकुंकू वाहतात.